एकाच समूह कंपनीचा शेअर की इंडेक्स फंड? पैसे टाकण्याआधीचा हिशेब

"त्या एका कंपनीत विमा आहे, रेल्वे आहे, वीज आहे, चॉकलेटचा कारखाना आहे. मग वेगळा फंड कशाला हवा?" हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय आणि एके काळी स्वतःही केलाय. तो अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा कुठे चुकतो हे कळायला मात्र दहा-पंधरा वर्षं जातात, म्हणून हा हिशेब आधीच कागदावर मांडलेला बरा.

उदाहरणांसाठी बर्कशायर हॅथवे आणि जनरल इलेक्ट्रिक या दोन अमेरिकन समूह कंपन्या घेतो, आणि समोर एस अँड पी 500 हा अमेरिकेतल्या 500 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. इंडेक्स फंड म्हणजे अशा निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा फंड. तिघांचाही इतिहास लांबलचक आहे आणि आकडे उघड आहेत. पद्धत मात्र कुठल्याही बाजारातल्या कुठल्याही समूहाला लावता येते.

पायरी 1: आपण नक्की काय विकत घेतोय?

वॉरन बफे यांनी 1965 मध्ये बर्कशायरचा ताबा घेतला तेव्हा ती एक डबघाईला आलेली कापड गिरणी होती. 1967 मध्ये त्यांनी नॅशनल इंडेम्निटी ही विमा कंपनी घेतली, आणि खरा खेळ तिथून सुरू झाला. विम्यात हप्ता आधी येतो, दावा नंतर द्यावा लागतो. मधल्या काळात तो पैसा कंपनीकडे पडून असतो. त्याला 'फ्लोट' म्हणतात. 2024 अखेर बर्कशायरकडे असा सुमारे 171 अब्ज डॉलर फ्लोट होता. हा पैसा आणि बाकीच्या धंद्यांचा नफा एकाच तिजोरीत जमा होतो, आणि त्यातून कधी रेल्वे विकत घेतली जाते, कधी ॲपलचे शेअर. गिरणी 1985 मध्ये बंद झाली, नाव तेवढं राहिलं.

समूह कंपनीचं मर्म या तिजोरीत आहे. धंदे कितीही असोत, तिजोरी एक आणि चावी एका माणसाकडे किंवा एका घराण्याकडे. चावीवाला हुशार असेल तर कापड गिरणीतून साम्राज्य उभं राहतं. नसेल तर चांगल्या धंद्याचा नफा वाईट धंद्याच्या खड्ड्यात जातो. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

इंडेक्स फंडात अशी सामायिक तिजोरी नसते. त्यातली एक कंपनी बुडाली तर शेजारच्या कंपनीला तिचं कर्ज फेडावं लागत नाही. फंड फक्त एक नियम पाळतो: ज्या कंपनीचं बाजारमूल्य जास्त, तिचा वाटा जास्त. कंपनी वाढली की वाटा आपोआप वाढतो, आटली की आटतो. कोणाला काही ठरवावं लागत नाही.

म्हणजे समूहात धंद्याची जोखीम विभागली जाते, पण निर्णयाची जोखीम एकाच ठिकाणी साचते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका फरकाभोवती फिरतात.

पायरी 2: परताव्याची तुलना नीट करा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा सावकाश जाऊ.

1965 ते 2024 या काळात बर्कशायरच्या शेअरने वर्षाला सरासरी चक्रवाढ 19.9 टक्के दिले. एस अँड पी 500 ने लाभांश धरून 10.4 टक्के. हे आकडे पाहिले की कोणालाही वाटेल, चर्चा संपली. पण 1965 मध्ये शेअर घेतलेला माणूस म्हणजे तुम्ही नव्हे. त्या सरासरीतला मोठा वाटा सुरुवातीच्या दशकांचा आहे. तेव्हा कंपनी छोटी होती आणि एखादा चांगला सौदाही संपूर्ण ताळेबंद हलवत असे.

आता 2002 अखेर पैसे टाकले आणि 2022 अखेर मोजले असं धरा. बर्कशायरचा 'अ' वर्गाचा शेअर 72,750 डॉलरवरून 4,68,711 डॉलरवर गेला, म्हणजे साधारण 6.4 पट. त्याच काळात एस अँड पी 500 चा आकडा 879.82 वरून 3,839.50 झाला, म्हणजे जेमतेम 4.4 पट. समूह कंपनी सरळ जिंकली?

नाही. बातम्यांत दिसणारा निर्देशांकाचा आकडा फक्त भावाचा असतो, लाभांश त्यात नसतो. बर्कशायर लाभांश देतच नाही. बफे यांच्या काळात तो एकदाच, 1967 मध्ये, शेअरमागे 10 सेंट दिला गेला. त्यामुळे बर्कशायरचा सगळा परतावा भावात दिसतो आणि निर्देशांकाचा मोठा भाग तक्त्याबाहेर राहतो. लाभांश परत गुंतवला असं धरून त्या 20 वर्षांचा हिशेब केला तर निर्देशांकही सुमारे 6.5 पट होतो. सामना बरोबरीत.

म्हणून नियम असा: तुलना नेहमी 'टोटल रिटर्न इंडेक्स'शी, म्हणजे लाभांश परत गुंतवला असं धरून मोजलेल्या निर्देशांकाशी करा. तुमची कंपनी लाभांश देत असेल तर तिच्या बाजूनेही लाभांश परत गुंतवल्याचं धरा. आणि एकच कालखंड पाहू नका. गेली 5, 10, 15 आणि 20 वर्षं घ्या, मग सुरुवात दोन-तीन वर्षं मागेपुढे सरकवून पुन्हा मोजा. निकाल दर वेळी उलटत असेल तर त्या निकालावर पैसे लावण्यात अर्थ नाही. स्प्रेडशीटमध्ये हे तासाभराचं काम आहे.

याच तक्त्यात आणखी एक गोष्ट पाहा. 1999 मध्ये बर्कशायरचा शेअर 19.9 टक्के पडला आणि एस अँड पी 500 21 टक्के चढला. 2022 मध्ये उलटं झालं: निर्देशांक 18.1 टक्के खाली, बर्कशायर 4 टक्के वर. सगळ्यांबरोबर पडणं माणूस सोसतो. सगळे वर जात असताना एकट्याने पडणं सोसवत नाही. एकच शेअर घेणाऱ्याची खरी परीक्षा 1999 सारख्या वर्षात होते.

पायरी 3: वार्षिक अहवालातली झाकली मूठ उघडा

समूहाच्या अहवालात अध्यक्षांचं पत्र आणि रंगीत फोटो भरपूर असतात. ते नंतर वाचा. आधी 'सेगमेंट' (धंद्यानुसार विभागणी) या शीर्षकाची टीप काढा आणि प्रत्येक धंद्यापुढे तीन आकडे लिहा: नफा किती, त्यात अडकलेलं भांडवल किती, आणि नफ्याला भांडवलाने भागून येणारे टक्के. जाहिरातीत मिरवणारा धंदा बहुतेक वेळा एक असतो आणि नफा आणणारा दुसराच.

जनरल इलेक्ट्रिकचं उदाहरण इथे बोलकं आहे. विमानाची इंजिनं, टर्बाइन, वैद्यकीय यंत्रं अशी या कंपनीची ओळख. 2000 मध्ये तिचं बाजारमूल्य 600 अब्ज डॉलरच्या जवळ पोचलं होतं. पण नफ्याचा फार मोठा हिस्सा वित्तपुरवठा करणाऱ्या जीई कॅपिटलकडून येत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची! 2008 च्या आर्थिक संकटात मूठ उघडली. 2009 मध्ये तिमाही लाभांश 31 सेंटवरून 10 सेंटवर आला. पुढे तो वाढवला, 2017 मध्ये पुन्हा 24 वरून 12 केला, आणि 2018 मध्ये थेट 1 सेंट. 1907 पासून सलग डाऊ जोन्स या निवडक मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या निर्देशांकात असलेली ही कंपनी जून 2018 मध्ये तिथून बाहेर पडली. इंजिनं तेव्हाही उत्तमच होती. त्यांना तिजोरीने बुडवलं.

शेवटी कंपनीचे तीन तुकडे झाले. आरोग्याचा धंदा जानेवारी 2023 मध्ये आणि ऊर्जेचा एप्रिल 2024 मध्ये वेगळा झाला, उरलेली कंपनी विमानाच्या इंजिनांची. वेगळे झाल्यावर इंजिनं आणि ऊर्जा या दोन्ही कंपन्यांचे शेअर जोरात वधारले, हेही सांगायला हवं. फक्त 2000 साली घेणाऱ्याला त्यासाठी दोन दशकांहून जास्त थांबावं लागलं.

सेगमेंटनंतर दोनच गोष्टी तपासा. मुख्य कंपनीवर स्वतःचं कर्ज किती आहे आणि उपकंपन्यांच्या कर्जाला तिने हमी दिली आहे का, ही पहिली. गेल्या दहा वर्षांत हातात आलेल्या रोख रकमेचं काय केलं, ही दुसरी. नवे धंदे घेतले, कर्ज फेडलं, शेअर परत विकत घेतले की लाभांश दिला, अशी चार रकान्यांत विभागणी करा. घेतलेल्या धंद्यांपैकी किती पुढे निर्लेखित करावे लागले (म्हणजे त्यांची किंमत हिशेबातून पुसावी लागली) तेही त्याच कागदावर. चावीवाल्याचं प्रगतिपुस्तक यापेक्षा चांगलं मिळत नाही.

पायरी 4: 'सूट' मिळतेय म्हणून भुलू नका

समूह कंपन्यांचे शेअर बहुतेक वेळा त्यांच्या तुकड्यांच्या बेरजेपेक्षा स्वस्त मिळतात. बर्गर आणि ओफेक या संशोधकांनी 1995 मध्ये अमेरिकन कंपन्यांसाठी ही सूट सरासरी 13 ते 15 टक्के मोजली होती. 'शंभराची वस्तू पंच्याऐंशीला' हे ऐकायला गोड लागतं.

एक कल्पित समूह घेऊ. त्याच्या तीन धंद्यांची किंमत 60, 30 आणि 20, बेरीज 110. मुख्य कंपनीचं कर्ज 25. उरले 85. बाजार शेअरची एकूण किंमत 60 लावतोय, म्हणजे 29 टक्के सूट. झकास! आता मुख्यालयाचा खर्च वर्षाला 2 आहे असं धरा. तो खर्च कायमचा आहे, म्हणून त्याची आजची किंमत दहापट, म्हणजे 20 धरू. 85 मधून 20 गेले, राहिले 65. सूट 8 टक्क्यांवर आली. एखादी उपकंपनी विकताना भरावा लागणारा कर धरला तर तीही उरत नाही.

मी एका समूहाचा शेअर केवळ अशा सुटीसाठी घेतला होता. माझ्या गणितात 40 टक्के सूट होती. सहा वर्षांनी विकला तेव्हाही 40 टक्केच होती. गणित चुकलं नव्हतं, पण सूट मिटवण्याची चावीवाल्याला काहीच घाई नव्हती, आणि हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून सूट दिसली की पहिला प्रश्न: ती कोण मिटवणार, कधी, आणि त्यात त्याचा फायदा काय? शिवाय समूहातला तुम्हाला आवडणारा धंदा बाजारात स्वतंत्र नोंदलेला असेल, तर तोच सरळ का घेऊ नये हेही पाहा.

पायरी 5: चावी पुढे कोणाकडे जाणार?

जनरल इलेक्ट्रिकचे जॅक वेल्च 1981 ते 2001 प्रमुख होते. शेअरचा भाव 2000 मध्ये कळसाला पोचला, पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि उतरण नव्या प्रमुखाच्या वाट्याला आली. बर्कशायरमध्ये बफे यांचे जुने जोडीदार चार्ली मंगर नोव्हेंबर 2023 मध्ये वयाच्या 99 व्या वर्षी गेले. बफे यांनी मे 2025 मध्ये पायउतार होण्याची घोषणा केली आणि 2026 च्या सुरुवातीपासून मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून सूत्रं ग्रेग एबल यांच्याकडे गेली. म्हणजे आज बर्कशायर घेणारा माणूस गेल्या 60 वर्षांचा आलेख विकत घेत नाही. तो एका नव्या चावीवाल्यावर विश्वास टाकतोय. तो विश्वास योग्यही ठरेल, पण जुन्या 19.9 टक्क्यांच्या आधारावर नव्हे.

इंडेक्स फंडाला हा प्रश्न पडत नाही. फंडाचा व्यवस्थापक बदलला तरी नियम तोच राहतो.

गंमत अशी की, स्वतः बफे यांनी भागधारकांना लिहिलेल्या 2013 च्या पत्रात पत्नीसाठीच्या पैशाबद्दलची सूचना दिली आहे: 10 टक्के अल्प मुदतीच्या सरकारी रोख्यांत आणि 90 टक्के कमी खर्चाच्या एस अँड पी 500 इंडेक्स फंडात.

पायरी 6: इंडेक्स फंडही डोळे मिटून घेऊ नका

हे काम सोपं आहे. आधी निर्देशांक कोणता ते बघा. 'इंडेक्स' हा शब्द आजकाल वीस-तीस कंपन्यांच्या एखाद्या संकल्पनेवर बेतलेल्या यादीलाही लावतात. आपल्याला बाजाराचा मोठा भाग सामावणारा निर्देशांक हवाय. मग खर्चाचं प्रमाण, म्हणजे फंड दर वर्षी किती टक्के कापून घेतो ते. 1,00,000 डॉलर 30 वर्षं 10 टक्क्यांनी वाढले तर सुमारे 17.45 लाख होतात, 9 टक्क्यांनी 13.27 लाख. एका टक्क्याचा हा फरक फंड कंपनीच्या खिशात जातो. त्यानंतर फंडाचा परतावा टोटल रिटर्न इंडेक्सपेक्षा दर वर्षी किती मागे पडलाय ते पाहा. हा फरक खर्चाच्या जवळपास असावा. फारच मागे असेल तर फंड नीट चालवला जात नाही.

एक इशारा मात्र खरा आहे. बाजारमूल्यावर चालणाऱ्या निर्देशांकात वरच्या मोजक्या कंपन्यांचा वाटा कधी कधी खूप वाढतो. एस अँड पी 500 मध्ये 2024 च्या सुमाराला वरच्या दहा कंपन्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त झाल्या होत्या. तुमच्या निर्देशांकाची वरची दहा नावं काढून त्यांची बेरीज करा.

तरीही मोठी यादी का घ्यायची? हेंड्रिक बेसेमबाइंडर या संशोधकांनी 1926 ते 2016 मधल्या सुमारे 26,000 अमेरिकन शेअर्सचा हिशेब मांडला. सरकारी हुंड्यांपेक्षा (सरकारच्या अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांपेक्षा) जास्त जी निव्वळ संपत्ती तयार झाली, ती सगळी जेमतेम 4 टक्के कंपन्यांतून आली. निम्म्याहून अधिक शेअर्सनी तर आयुष्यभरात हुंड्यांइतकंही दिलं नाही. ते 4 टक्के आधी ओळखता आले तर उत्तमच. नाहीतर सगळी यादी घेतली की ते त्यात असतातच.

पायरी 7: दुहेरी मोजणी काढा

'फंडही घेतो, शेअरही घेतो' म्हणणाऱ्यांनी हे जरूर करावं. समजा 100 पैकी 80 फंडात आणि 20 समूहाच्या शेअरमध्ये आहेत. निर्देशांकात त्या समूहाचा वाटा 1.5 टक्के असेल, तर फंडातूनही तुमच्याकडे 1.2 येतात. एकूण 21.2. समूहाच्या उपकंपन्या वेगळ्या नोंदलेल्या असतील आणि त्याही निर्देशांकात असतील, तर त्यांचे वाटे याच बेरजेत धरा. एकाच चावीवाल्यावर किती पैसा अवलंबून आहे ते तेव्हा कळतं. आणि तुमची नोकरीही त्याच समूहात असेल, तर बाकीचं गणित सोडा, शेअर घेऊच नका.

पायरी 8: किती घ्यायचा?

बर्कशायरचा 'अ' शेअर 19 सप्टेंबर 2008 ला 1,47,000 डॉलर होता. 5 मार्च 2009 ला 72,400. त्याआधी जून 1998 ते मार्च 2000 मध्येही 80,900 वरून 41,300 पर्यंत घसरला होता. इतकी भक्कम कंपनी या दोन्ही वेळी जवळजवळ निम्मी झाली. तेव्हा तुमचा शेअरही निम्मा होईल असं धरूनच चाला. 20 टक्के ठेवलेत तर एकूण पुंजीतले 10 टक्के जातात, आणि बाजारही त्याच वेळी पडत असेल तर ते वेगळंच. एवढं गेल्यावर रात्री झोप लागेल का, याचं उत्तर तुमचं तुम्हीच द्यायचं.

माझं मत सांगतो. वार्षिक अहवाल दर वर्षी वाचायची तयारी नसेल तर सगळं इंडेक्स फंडात, त्यात कमीपणा काहीच नाही. तयारी असेल तर कुठल्याही एका समूहात 10 टक्के, फार तर 15. त्याहून जास्त ठेवणाऱ्याला मी अडवत नाही, पण त्याने पायरी 3 चे रकाने मला भरून दाखवावेत. करांचा मुद्दा इथे थोडक्यात: लाभांश न देणाऱ्या कंपनीत कर विकेपर्यंत पुढे ढकलला जातो, लाभांश वाटणाऱ्या फंडात तो दर वर्षी कापला जातो. फरक बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आतला असतो. आपल्या देशाचा नियम पाहून तो मोजा, पण केवळ त्यावर निवड करू नका.

पायरी 9: विकण्याचं कारण घेतानाच लिहा

शेअर घेण्याच्या दिवशी एका कागदावर तीन ओळी लिहा. घेण्याचं कारण एका वाक्यात. ते कारण खोटं ठरलं हे कशावरून ओळखाल: मुख्य कंपनीचं कर्ज अमुक पटीपलीकडे गेलं, मुख्य धंद्याचा भांडवलावरचा परतावा सलग तीन वर्षं घटला, किंवा ज्या धंद्याचा अनुभव नाही त्यात मोठी रक्कम घातली. तिसरी ओळ पायरी 8 मध्ये ठरवलेल्या वाट्याच्या मर्यादेची. 'भाव पडला' हे कारण या कागदावर नको, आणि 'भाव वाढला' हेही नको.

वर्षातून एकच दिवस ठरवा, शक्यतो वार्षिक अहवाल आल्यानंतरचा. त्या दिवशी कागद काढा, रकान्यांत नव्या वर्षाचे आकडे भरा, टोटल रिटर्न इंडेक्सशी तुलना करा. शेअरचा वाटा मर्यादेबाहेर गेला असेल तर आधी नवे हप्ते फक्त फंडाकडे वळवा, बहुतेक वेळा वर्षभरात तेवढ्याने काम भागतं. तरी जमलं नाही तर जादाचा तेवढाच भाग विका, आणि त्यातले सगळ्यात जुने शेअर कमी कराच्या मुदतीत बसतात का ते ऑर्डर टाकण्याआधी तपासा.